‘गिव्ह’ची दहा वाक्ये

शिंदखेडा,
ता. १० जानेवारी १९३७

तीर्थरूप सुमनआत्याबाईंच्या चरणी शेवंताचा नमस्कार.

आपण मला शेवटचे पाहिलेत त्याला नऊ वर्षे झाली. तेव्हा मी आठ वर्षांची होते, म्हणून आधी ओळख देते. आपले बंधू अभिमन पाटील, म्हणजे आमचे आबा, यांची मी थोरली मुलगी. गेल्या वर्षी मराठी सातवीची फायनल परीक्षा दिली व धुळे केंद्रात मुलींत पहिली आले. हे माझे मी सांगू नये. परंतु पुढील विनंतीला यावाचून दुसरा आधार नाही.

धुळ्यास येत्या पावसाळ्यात शिक्षिकांसाठी एक वर्ग निघत आहे. दोन वर्षे तेथेच राहून शिकावयाचे आणि उत्तीर्ण झाल्यास शाळेत नेमणूक. जागा आठ. मराठी, गणित, शिवण यांची मला भीती नाही. भीती जूनमधल्या तोंडी परीक्षेची आहे. तपासणीस मडमबाई प्रत्येक मुलीस रोजच्या वापरातले एक इंग्रजी क्रियापद देणार आणि त्याची बिनचूक वाक्ये करून मोठ्याने म्हणावयास सांगणार. आमच्या शाळेत इंग्रजी नव्हते. मास्तरांनी मुळाक्षरांचे पुस्तक व एक जुना कोश उसना दिला, त्यावरून मी अक्षरे गिरवली. शब्द पाठ होतात, पण एकमेकांशेजारी उभे राहत नाहीत. शिवाय मोठ्याने बोलणे मला मराठीतही जमत नाही.

आई म्हणते, आपण जळगावास बायकांच्या दवाखान्यात दिवसभर मोठ्या मडमशी इंग्रजीत बोलता. टपालाने मला शिकवाल काय?

आबांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, “अभ्यासनं लिख. दुसरं काही लिखू नको.” आमच्या घरातून जाणारे आणि घरी येणारे प्रत्येक पत्र आबा वाचतात व मगच पाकीट चिकटवतात, हेही वाचतील. आपल्या प्रकृतीविषयी विचारण्याची फार इच्छा होती. तो विषय अभ्यासात बसत नसल्याने विचारीत नाही.

आपली भाची,
शेवंता

·

मेहरूण, जळगाव,
ता. २१ जानेवारी १९३७

चि. शेवंता, तुला पोटभर आशीर्वाद.

तुझे पाकीट घेऊन मी तलावाच्या काठाला जाऊन बसले. खोलीत आम्ही तिघी नर्सा राहतो आणि मला रडताना कोणी पाहिलेले आवडत नाही. तुझ्या पत्रात रडण्यासारखे काही नव्हते. अक्षर मात्र थेट माझ्या आईच्या टाक्यासारखे आहे, एकही सैल नाही.

शिकवीन. पण माझी रीत ऐकून घे.

एका वेळी एकच क्रियापद. पहिले ‘गिव्ह’, म्हणजे देणे. इथे सकाळी पाय ठेवल्यापासून हाच शब्द कानावर पडतो. गिव्ह वॉटर. गिव्ह टॉवेल. गिव्ह हर द बेसिन. कळा देणारी बाई घाबरली की मडम तिच्याजवळ जाऊन म्हणते, गिव्ह मी युवर हँड, आणि बाईला काही न कळूनही ती हात देते. या एका शब्दावर मी नऊ वर्षे काढली आहेत. तू त्याची दहा वाक्ये कर, वेगळ्या कागदावर. मी तपासून लाल शाईने खुणा करून परत पाठवीन.

दुसरी गोष्ट, वाक्य खरे पाहिजे. राजाने ब्राह्मणाला गाय दिली, असले नको. तुमच्या घरी कोणता राजा येतो? इथे तक्त्यावर ताप खोटा मांडला तर बाई जिवानिशी जाते. तू आपल्या घरात जे घडले तेच लिही. खऱ्या गोष्टीला शब्द लवकर सापडतो.

भाऊ, तू हे वाचतो आहेस तर नीट वाच. सगळे अभ्यासाचेच आहे.

तुझी आत्या,
सुमन

·

शिंदखेडा,
ता. ९ फेब्रुवारी १९३७

तीर्थरूप आत्याबाईंस शेवंताचा नमस्कार.

आपले पत्र आबांनी वाचून माझ्या हाती दिले. शेवटच्या ओळीपाशी ते थोडे थांबले, एवढे मी पाहिले.

सोबत दहा वाक्ये आहेत. सर्व खरी आहेत. ‘द बफलो गिव्ह्ज मिल्क’ हे पहिले वाक्य मी म्हशीसमोर तीन वेळा तपासले. सहावे, ‘मास्तर गेव्ह मी द डिक्शनरी’, हे अर्धेच खरे आहे, कारण कोश परत द्यावयाचा आहे. चालत नसल्यास खोडावे.

एक शंका विचारते, राग नसावा. आपण लिहून पाठविलेली सर्व वाक्ये आज्ञेची आहेत. पाणी दे, टॉवेल दे, हात दे. मला आज्ञा करण्याजोगे घरात कोणी नाही. म्हणून आपली वाक्ये मी गोठ्यात म्हशीला मोठ्याने म्हणून दाखवते. काल आईने दारातून ऐकले व वनाकाकांना विचारले, “पोर म्हैसशी कोनती भाषा बोलस?” काका म्हणाले, “सायबनी. आते ती दूध बी सायबना मापनं दी.” तेव्हापासून मी हळू म्हणते.

वाक्यांचा कागद आबांनी सुलटा पाहिला, मग उलटा पाहिला. “हाई काय, मुंग्यासनी रांग शे,” असे म्हणून तसाच पाकिटात घातला. 

आपली विद्यार्थिनी,
शेवंता

·

मेहरूण, जळगाव,
ता. २० फेब्रुवारी १९३७

चि. शेवंता, आशीर्वाद.

कागद परत पाठवते आहे. दहाच्या दहा बरोबर. खाली लाल शाईत ‘गुड’ लिहिले आहे, म्हणजे उत्तम. सहावेही ठेव. उसने दिलेलेही दिलेलेच असते.

तुझ्या शंकेचे उत्तर मी चार दिवस शोधले. मला सापडले नाही. पुढे कधी सापडले तर कळवीन.

म्हशीला मोठ्यानेच म्हणत जा. हळू म्हटलेले मडमला ऐकू जाणार नाही. मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा माझा आवाज माझ्याच पदरात राहायचा. मोठी मडम मला अंगणाच्या त्या टोकाला उभी करून या टोकावरून माझे नाव विचारायची. महिनाभर विचारले. आता माझ्या आवाजाने बाळंतिणी दचकतात.

‘गिव्ह’चीच आणखी दहा कर. एक शब्द मुरला की पुढचे सोपे जातात. भिकुबाई वहिनीला माझा नमस्कार सांग. हा अभ्यास नाही, पण एवढे भाऊ चालवून घेईल.

तुझी आत्या,
सुमन

·

शिंदखेडा,
ता. १४ मार्च १९३७

तीर्थरूप आत्याबाईंस शेवंताचा नमस्कार.

आपला आशीर्वाद असल्याने आम्ही सर्व खुशाल आहोत. कापूस घरी आला. मागील आठवड्यात चोपड्याचे पाहुणे दोन दिवस राहून गेले. आईने खापरावरचे मांडे केले होते. पाहुणे समाधानाने गेले. आबाही समाधानी आहेत. आईने आपला नमस्कार ऐकला व उत्तरादाखल मांडे पाठविता येत नाहीत याबद्दल तिला वाईट वाटले.

सोबत दहा वाक्ये जोडली आहेत. आपल्या नियमाप्रमाणे सर्व खरी आहेत. आपण ती सावकाश वाचावीत, अशी विनंती आहे. शेवटचे वाक्य आपल्याच वाक्यावरून घेतले आहे.

आपली विद्यार्थिनी,
शेवंता

(सोबतचा कागद)

मदर गेव्ह फूड टू द गेस्ट्स. द गेस्ट्स गेव्ह मी अ बुक टू रीड. आय गेव्ह देम टी. फादर गेव्ह हिज वर्ड. फादर विल गिव्ह मी टू चोपडा आफ्टर आखाजी. नोबडी गेव्ह मी अ क्वेश्चन. आय गेव्ह नो आन्सर. दे विल नॉट गिव्ह मी धुळे. आय कॅन नॉट गिव्ह धिस टू मदर. आत्या, गिव्ह मी युवर हँड.

·

मेहरूण, जळगाव,
ता. २४ मार्च १९३७

चि. शेवंता, शाबास.

पुन्हा दहापैकी दहा. प्रत्येक वाक्यापुढे बरोबरची खूण आहे, एकही दुरुस्ती नाही, आणि खाली या वेळी ‘व्हेरी गुड’ आहे. मी तो कागद खोलीतल्या दोघींनाही दाखवला. म्हटले, पाहा, आमच्या घरची पोर.

पाहुण्यांना मांडे आवडलेच असतील. भिकुबाई वहिनीसारखा मांडा मी पूर्व खानदेशात कुठे पाहिला नाही. इथे तो जाड करतात.

‘गिव्ह’ तुझे झाले. आता ‘टेक’ घे, म्हणजे घेणे. टेक द बेबी. टेक हर टेंपरेचर. टेक केअर. पुढच्या पत्रात दहा.

उन्हाळा फार आहे. पाणी भरपूर पीत जा.

तुझी आत्या,
सुमन

·

शिंदखेडा,
ता. ४ एप्रिल १९३७

तीर्थरूप आत्याबाईंस नमस्कार.

आपण दिलेले दहापैकी दहा गुण मिळाले. 

यापुढे आपणास तसदी देणार नाही. अभ्यास थांबवीत आहे. मास्तरांचा कोश परत केला. आपण माझ्यासाठी वेळ खर्च केलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. 

आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया झाली की, घरी कार्य आहे. चोपडेकर मंडळी सुपारी फोडण्यास येतील. आपणास कळविण्याची मोकळीक आबांनी दिली आहे.

‘टेक’ची वाक्ये सोबत नाहीत.

शेवंता

·

मेहरूण, जळगाव,
ता. १६ एप्रिल १९३७

चि. शेवंता,

आशीर्वाद कोणत्या तोंडाने लिहू ते समजत नाही, म्हणून नुसते नाव लिहिले आहे.

तुझे पत्र आले. मी ते दोनदा वाचले. एवढ्या थंड अक्षरात मला आजवर कोणी लिहिलेले नाही, आणि मी काय केले तेही कळेना. मग तुझ्या दहा वाक्यांची आठवण झाली. कागद तुला परत गेला होता, पण पाठवण्याआधी मी त्याची नक्कल करून ठेवली होती. अक्षर न अक्षर, चित्र काढावे तशी. चित्र काढावे तशी, कारण मला इंग्रजी वाचता येत नाही.

हे मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते. मला इंग्रजी येते म्हणजे मला सांगितलेले कळते. मडम म्हणाली पाणी दे, की मी पाणी देते. नऊ वर्षांत मला इंग्रजीत जे सांगितले ते सगळे हुकूमच होते, दुसरे वाक्य कानावर कधी पडलेच नाही. तुला मी माझ्याजवळ होते तेवढे दिले. तू पहिल्या दहा वाक्यांतच ते ओळखलेस. माझे उत्तर तेव्हाच तयार होते. मला ते लिहिण्याची लाज वाटली.

लाल शाई आमच्या कंपाउंडर जीवरामची. तो बाटल्यांना चिठ्ठ्या डकवता डकवता तुझे कागद तपासायचा. परवा मी त्याला धरले. म्हटले, तू हे वाचले होतेस का? तो म्हणाला, “मी क्रियापदं तपासली, बाई. सगळी बरोबर होती.” त्याला बोलून उपयोग नाही. मी त्याला तेवढेच सांगितले होते.

नक्कल मी हुस्नबानोला दाखवली. ती इथल्या एका शिंप्याची सून, बाळंतपणासाठी आली आहे, आणि माहेरी इंग्रजी शाळेत गेलेली आहे. बाळ मांडीवर घेऊन ती माझ्यासाठी एकेक वाक्य वाचू लागली. चौथ्यापर्यंत वाचले. पाचव्याला थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, “बाई, ये सबक नहीं है. ये तो चिठ्ठी है.” मग पुढची सहा तिने माझ्या कानात सांगितली.

पोरी, तू हाक मारलीस आणि मी त्यावर दहापैकी दहा दिले. याहून मोठी चूक माझ्या हातून दवाखान्यातही झालेली नाही.

आता भाऊ, पुढचे तुझ्यासाठी. हे पत्र तू आधी वाचणार, म्हणून बोलते. त्या कागदावर काय आहे ते मी तुला सांगणार नाही. ते तिचे आहे. ज्या मुलीला आपल्या घरात मुंग्यांच्या भाषेत लिहावे लागते, तिला तू काही विचारले आहेस का, एवढेच बघ. मी विधवा होऊन आले तेव्हा तू मला खोली दिलीस, भाकर दिलीस, आणि मी दवाखान्यात गेले म्हणून नऊ वर्षे मला माहेरी आणायला मुराळी पाठवला नाहीस. खोली आणि भाकर दोन्ही चांगल्या होत्या. मला काय पाहिजे ते मात्र तेव्हाही कोणी विचारले नव्हते.

मी आखाजीला येते. मुराळी पाठवू नकोस. न्यायला येणारे कोणी नसले तरी मला रस्ता ठाऊक आहे, आणि आखाजीला दारात आलेली बहीण परत लावत नाहीत एवढे आपल्या गावात अजून पाळत असतील.

सुमन

·

शिंदखेडा,
ता. २० मे १९३७

तीर्थरूप आत्या,

आपण परवा गेलात. मधल्या दिवसांतले पुष्कळसे आपण स्वतः पाहिले, तरी काही गोष्टी आपल्या पाठीमागे घडल्या आहेत. त्या सांगितल्याशिवाय मला स्वस्थता वाटणार नाही.

आपले एप्रिलचे पत्र आबांनी पाच दिवस भिंतीतल्या देवळीत ठेवले होते. सहाव्या दिवशी मी धान्य निवडत होते, तेव्हा माझ्या सुपाशेजारी ठेवून ते बाहेर गेले. मी वाचले. माझ्या चार एप्रिलच्या पत्राची मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी ज्वारीत खडे राहिले व जेवताना सर्वांच्या दाताखाली आले.  आत्या, मला वाटले होते की आपण सर्व समजून ‘व्हेरी गुड’ म्हणत आहात. मोठ्या माणसांना सारेच चांगले वाटते, तसे आपणासही वाटले, असा मी अर्थ केला.

आखाजीच्या सकाळी आपण दारात उभ्या राहिलात. आपण आबांचा चेहरा पाहिला असेल. मी आतून त्यांचे हात पाहत होते. ते झोक्याचा दोर लिंबाला बांधीत होते आणि गाठ तीन वेळा सुटली. आपण म्हणालात, “मुराळी वाट चुकना व्हई, भाऊ. मी नही चुकनू.” आबा म्हणाले, “वाळी गयी तू,” आणि आईला पाय धुण्यास पाणी आणावयास सांगितले. आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, मला अजून ठरविता आलेले नाही.

चार दिवस आपण चोपड्याचे नावही काढले नाही. आईबरोबर शेवया केल्यात, झोक्यावर बसलात, गौराईची गाणी म्हटलीत. मला राग येऊ लागला होता, हे आज कबूल करते. निघताना गाडीत बसल्यावर आपण आबांना जे सांगितले, ते मी खळ्याच्या भिंतीमागून ऐकले. “भाऊ, तिले इचार. आनि इचारीसन थांब. आम्ही दवाखानामा दुखस का म्हनीसन इचारतस ना, तव्हय उत्तर येवालोंग हात सोडतस नही.”

आता आपल्या पाठीमागचे.

काल मी म्हशीला पाणी दाखवीत होते. आबा हौदाशी आले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “चोपडाले जावानं का धुळाले?”

मी उत्तर दिले नाही. आजवर मला कोणी काही विचारले आणि मी बोलले नाही, तर माणसे होकार समजून निघून जातात. मी वाट पाहत होते की आबाही जातील. ते गेले नाहीत. त्यांनी बादली भरली, हौदात ओतली, पुन्हा भरली. म्हैस पिऊन तृप्त झाली व तिने तोंड फिरवले, तरी ते ओतीतच होते. पाणी कडेने वाहू लागले.

मी म्हटले, “धुळाले.”

“बरं,” आबा म्हणाले, आणि बादली पालथी घातली.

एवढेच बोलणे झाले. परंतु त्यांनी चोपड्यास शब्द दिलेला आहे. त्यांचे लुगडे व नारळ आमच्या घरात आहे. दिलेला शब्द आबांनी कधी परत घेतल्याचे गावात कोणास आठवत नाही, मलाही नाही. परीक्षा चौदा जूनला आहे. ते काही बोलत नाहीत आणि मी पुन्हा विचारू शकत नाही.

आपली,
शेवंता

·

मेहरूण, जळगाव,
ता. ३० मे १९३७

चि. शेवंता, आशीर्वाद. आता मोकळ्या हाताने लिहिते.

तू बोललीस. पुढचे काहीही झाले तरी ते बोललेलेच राहील.

भाऊ चोपड्याला जाईल की नाही हे मला सांगता येत नाही. चारचौघांत दिलेले परत घ्यायला जाणे म्हणजे त्याच्यासारख्या माणसाला भर बाजारातून अनवाणी चालण्यासारखे आहे. तो गेला नाही तर मी त्याच्याशी भांडेन, पण तू त्याला कमी लेखू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या उत्तरासाठी तो थांबला.

तू मात्र चौदा तारीख आहे असे धरूनच अभ्यास कर. मास्तरांकडून कोश पुन्हा आण. सोबत ‘टेक’, ‘कम’, ‘सी’ आणि ‘मेक’ यांची वाक्ये हुस्नबानोने लिहून दिली आहेत. ती घरी गेली, पण तिचे घर माझ्या वाटेवर आहे. यात हुकूम थोडे आहेत, गोष्टी पुष्कळ आहेत. मला यातले बरेचसे नवीनच होते. मडमही घरी गेल्यावर अशी साधी वाक्ये बोलत असेल, हे मला कधी सुचले नव्हते.

तुझी आत्या

·

शिंदखेडा,
ता. २९ जून १९३७

तीर्थरूप आत्या,

निकाल काल आला. आठ जणींत माझे नाव पाचवे आहे. पाच जुलैला धुळ्यास हजर व्हावयाचे आहे. पहिले येण्याची मला सवय होती. पाचवे येऊन एवढा आनंद होतो हे ठाऊक नव्हते.

परीक्षेविषयी थोडक्यात लिहिते. मडमबाई वयस्क होत्या व चष्म्यावरून पाहत होत्या. मला ‘कम’ हे क्रियापद मिळाले. पहिले वाक्य मी म्हटले ते बहुधा माझ्या बोटांनीच ऐकले. त्यांनी कानाला हात लावला. मग मी गोठ्यातल्या आवाजात म्हटले, “माय आंट केम ऑन आखाजी.” त्यांनी मान हलविली. मी म्हटले, “माय फादर केम विथ मी टुडे. ही इज सिटिंग आउटसाइड. ही विल नॉट कम इन.” त्या खुर्चीवरून उठल्या, दारापर्यंत गेल्या, ओट्याच्या कडेला पाठ करून बसलेल्या आबांना पाहून परत आल्या व काहीतरी लिहिले. पुढे दोनच वाक्ये विचारली.

आता आबांविषयी. ते पाच जूनला वनाकाकांना घेऊन चोपड्यास गेले, लुगडे व नारळ बरोबर नेला, आणि तिसऱ्या दिवशी परत आले. “झायं,” एवढेच आईला म्हणाले. तेथे काय झाले हे कोणी विचारले नाही व त्यांनी सांगितले नाही. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

धुळ्याहून परतताना मोटार बिघडून आम्ही दोन तास एका बाभळीखाली बसलो होतो. आबा ड्रायव्हरजवळ उभे होते. तेव्हा वनाकाकांनी मला सांगितले. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

चोपड्यास ओट्यावर दहा-बारा माणसे जमली होती. चहा झाला. आबांनी लुगडे व नारळ पुढे ठेवला. मुलाच्या आजोबांनी विचारले, “आमना घरमा काय खोट दिखनी, अभिमनआबा?” आबा म्हणाले, काही नाही. जमिनीत? नाही. पोरात? पोर सोन्यासारखा आहे, आबा म्हणाले.

“मंग?”

आबांनी डोक्यावरचे पागोटे काढून मांडीवर ठेवले. म्हणाले, “चूक मनी शे. शब्द दिधा तव्हय मी पोरले इचारं नव्हतं.”

मागून कोणीतरी हसले. “पोरले कोन इचारस, आबा?”

काका म्हणतात, आता उठून गाडी जुंपावी असे त्यांना वाटले. मग आबा म्हणाले, “मी इचारं. तिनी सांगं.”

 मुलाच्या आजोबांनी नारळ उचलला, हातात फिरवून पाहिला व आपल्या बाजूला ठेवला. आबांना म्हणाले, “पागोटं घाल आबा, ऊन शे.” आणि चहा पुन्हा सांगून त्यांनी विचारले, “परीक्षा कवय शे पोरनी?”

आपली,
शेवंता